बाहेर ४४, आत ३७: सोलापूरच्या उन्हात शरीर काय करतं?

एप्रिल लागला की आपल्याकडच्या पेपरात पहिल्या पानावर एक छोटी चौकट सुरू होते: आजचं कमाल तापमान. ४१, ४२, ४३. मे महिन्यात पारा कधीकधी ४४ ला टेकतो. मग शेजारीच बातमी येते की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, उष्माघात कक्ष सज्ज आहे, भरपूर पाणी प्या. आपण वाचतो, पान उलटतो आणि भर दोन वाजता नवी पेठेत खरेदीला जातो.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते. रचना म्हणजे कोणता अवयव कुठे आणि कसा आहे, क्रिया म्हणजे तो काय करतो. पुस्तकात शरीराच्या अकरा संस्था असतात आणि त्यांचे अकरा धडे. मुली हृदय हृदयाच्या धड्यात पाठ करतात, मूत्रपिंड मूत्रपिंडाच्या धड्यात. त्वचेचा धडा 'सोपाय' म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवतात. यंदा वर्गातल्या एकीनं पेपरातली ती चौकट बघून विचारलं, "मॅडम, बाहेर चव्वेचाळीस आणि आपण आत सदतीस. मग आपण शिजत कसं नाही?"

मी त्या दिवशीचा धडा बंदच केला. या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला अकरांतले निदान आठ धडे एकदम उघडावे लागतात. धडे वेगळे आहेत ते पुस्तकाच्या सोयीसाठी. शरीराला त्याचा पत्ताही नाही.

३७ म्हणजे नेमकं कुठलं?

थर्मामीटर जे दाखवतो ते शरीराच्या गाभ्याचं तापमान, म्हणजे मेंदू, हृदय, यकृत यांच्या आसपासचं. ते साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. पहाटे थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त. काखेत मोजलं तर गाभ्यापेक्षा कमीच येतं. त्वचा मात्र गाभ्याइतकी गरम नसते, ती ३३ ते ३५ च्या आसपास असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शरीर ३७ साठी इतका हट्ट का धरतं? आपल्या पेशींतली सगळी कामं प्रथिनं करतात आणि प्रथिनांचा आकार उष्णतेनं बिघडतो. अंडं उकळलं की पांढरा बलक घट्ट होतो, आणि ते अंडं थंड केलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही. माणसाचं अंड्याइतकं होण्याची वाट बघावी लागत नाही. गाभा ४० च्या पुढे गेला की मेंदूचं काम विस्कटायला लागतं, आणि ४१-४२ ला पेशींचं खरं नुकसान सुरू होतं. म्हणजे नेहमीचं आणि धोक्याचं यांत अंतर फक्त तीन अंशांचं.

हे अंतर राखण्याला 'होमिओस्टॅसिस' म्हणतात, मराठी पुस्तकांत 'समस्थिती'. शरीराच्या आतलं वातावरण स्थिर असतं ही कल्पना फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. तिला होमिओस्टॅसिस हे नाव अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये दिलं. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट आपल्या गच्चीवर आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात टाकीतला फ्लोट कुणाला समजावून सांगायला नको. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली, व्हॉल्व्ह उघडा. पाणी वर आलं की फ्लोट वर, व्हॉल्व्ह बंद. जो बदल होतोय त्याच्या उलट दिशेला ढकलायचं, एवढंच तत्त्व. तापमानाचा फ्लोट मेंदूच्या तळाशी आहे. त्याचं नाव हायपोथॅलॅमस, आकार साधारण बदामाएवढा. त्वचेवरच्या मज्जातंतूंकडून त्याला बाहेरची खबर मिळते, आणि त्याच्यातून वाहणाऱ्या रक्तावरून आतली.

आतली शेगडी

उन्हाचं नंतर बघू. आधी हे की माणूस स्वतःच गरम होत असतो. काही न करता पडून राहिलेला प्रौढ माणूस जुन्या १०० वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करत असतो. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर अंगाचं तापमान तासाला एखाद्या अंशानं वाढेल. मे महिन्यात पत्र्याखाली बसलेला माणूस म्हणजे बंद खोलीत चालू ठेवलेला बल्ब.

हात-पाय हलायला लागले की हिशोब आणखी बिघडतो. स्नायूंना शंभर रुपयांची ऊर्जा दिली तर त्यातले वीस-पंचवीस रुपयेच कामाला लागतात, बाकीचे उष्णता होऊन उडून जातात. म्हणून उन्हात नुसतं उभं राहणं आणि उन्हात पोती उचलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, ऊन तेवढंच असलं तरी.

उष्णता जाते कुठून?

चार वाटा. अंगातून किरणांनी बाहेर जाते, थंड वस्तूला टेकल्यावर तिच्यात जाते, वाऱ्याबरोबर जाते आणि घाम वाळताना जाते. पहिल्या तीन वाटांची अट एकच, की समोरची वस्तू किंवा हवा त्वचेपेक्षा थंड हवी.

आता मघाचा ३३ ते ३५ चा आकडा आठवा. बाहेर ४४ असलं की त्या तिन्ही वाटा उलट्या वाहतात. हवा, तापलेली भिंत, डांबरी रस्ता, सगळे आपल्याला उष्णता देतात. दुपारचा पंखा अंगावर झळ फेकतो असं आपण म्हणतो ते अगदी खरं आहे. उरतो फक्त घाम. सोलापूरचा सगळा उन्हाळा आपण या एका वाटेवर काढतो.

माठ आणि कॅन

वर्गात मी एक प्रयोग केला. त्यात माझी हुशारी काही नाही, आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं. एक माठ आणि एक प्लास्टिकचा कॅन रात्री एकाच पाण्यानं भरून व्हरांड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दोन्हींत थर्मामीटर घातला. कॅनमध्ये ३५, माठात २५. मुलींनी थर्मामीटर बदलून पुन्हा मोजलं.

माठ पाझरतो. बाहेरच्या अंगाला आलेलं पाणी वाफ होऊन जातं, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते माठातल्या पाण्याकडून घेतं. आपली त्वचा हेच करते. तिच्यात वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. ग्रंथी म्हणजे काहीतरी तयार करून बाहेर सोडणारी पेशींची नळी किंवा पिशवी. हायपोथॅलॅमसचा निरोप मज्जातंतूंवरून आला की या लाखो नळ्या एकदम पाझरायला लागतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस सहा-सात तासांत जेवढी तयार करतो तेवढी. आणि उन्हात राबणाऱ्याला तासाला एक लिटर घाम सहज येतो.

मग एका मुलीनं माठाला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली. दुसऱ्या दिवशी माठ आणि कॅन जवळपास सारखेच गरम. पिशवीच्या आत पाणी साचलं होतं, थेंब ओघळत होते. तेव्हा वर्गाला कळलं की गारवा घाम *येण्यात* नाही, घाम *वाळण्यात* आहे. ओघळून खाली पडलेला घाम फुकट गेला. मुंबईला ३५ मध्ये जीव नकोसा होतो आणि इथे ४१ मध्ये आपण चहा पितो, ते हवेतल्या दमटपणामुळे. उलट आपल्या कोरड्या हवेत घाम इतका चटकन वाळतो की तो आला हेच कळत नाही. शर्टाच्या पाठीवर संध्याकाळी पांढरी मिठाची रेघ दिसते, ती त्याची पावती. घामोळं म्हणजे काय, तेही इथेच समजतं. नळ्यांची तोंडं बुजली की घाम आत अडकतो आणि पुरळ येतं.

सगळी त्वचा सोलून पसरली (वाक्य भयंकर आहे, पण वर्गात चालतं) तर पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरते. पाच फूट बाय साडेसात फुटांची आपली एकेरी सोलापुरी चादर घ्या आणि मधोमध दुमडा. जवळपास तेवढी. आणि चादरीवरून आणखी एक. एकसारख्या पेशींच्या समूहाला आपण 'ऊती' म्हणतो. संस्कृतात ऊत म्हणजे विणलेलं. 'ओतप्रोत' मधलं ओत ते तेच. इंग्रजी टिश्यूचं मूळही विणलेल्या कापडाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. त्वचेच्या आतल्या थराचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हे नाव का शोभतं ते समजतं. उभे-आडवे धागे, थोडा सैल विणलेला माल.

रक्ताची ओढाताण

घामाला पाणी लागतं आणि गाभ्यातली उष्णता त्वचेपर्यंत आणायला गाडी लागते. दोन्ही कामं रक्ताकडे. प्रौढ माणसात सुमारे पाच लिटर रक्त. हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर ढकलतं, म्हणजे सगळं रक्त मिनिटात एक फेरी मारतं. एरवी त्यातलं पाव ते अर्धा लिटरच त्वचेकडे जातं. कडक उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हा आकडा मिनिटाला सहा-सात लिटरपर्यंत चढू शकतो. चेहरा लालबुंद होतो तो यामुळे.

आता हे जास्तीचं रक्त आणायचं कुठून? हृदय वेग वाढवतं, नाडी जलद होते. आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा वाटा कापला जातो. भर उन्हात जेवण नको वाटतं, मळमळतं, त्यात याचाही हात असतो. मे महिन्यातल्या लग्नाच्या वरातीत बराच वेळ उभा असलेला माणूस एकदम खाली कोसळतो, तेव्हा रक्त त्वचेत आणि पायांत साचलेलं असतं, मेंदूला पुरेसं पोचत नाही. सावलीत आडवं करून पाय थोडे उंच केले की बहुतेक जण मिनिटाभरात डोळे उघडतात. भोवतीचे लोक 'उठवून बसवा, उठवून बसवा' करतात, ते मात्र करू नये.

मूत्रपिंडांचं कौतुक मला सगळ्यात जास्त आहे. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं सव्वा-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. घामानं रक्तातलं पाणी घटलं, रक्त दाट झालं, की हायपोथॅलॅमसच मूत्रपिंडांना एका हार्मोननं निरोप धाडतो: पाणी सोडू नका. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारी रासायनिक चिठ्ठी. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींची दुसरी चिठ्ठी सांगते: मीठही सोडू नका. लघवी कमी आणि गडद होते. म्हणून मुलींना मी सांगते, पाणी पुरेसं आहे की नाही ते तहानेला विचारू नका, रंगाला विचारा. फिकट पिवळी असेल तर ठीक. दाट चहासारखी, तीही थोडी, तर शरीर काटकसरीवर आलंय.

मग नुसतं पाणी पीत राहिलं की झालं?

इथेच आमच्या गल्लीतल्या मामांची गोष्ट येते. यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून माग चालतो तिथे ओल धरतात, वारा फार खेळू देत नाहीत. सुताला ते मानवतं. माणसाची गत प्लास्टिक गुंडाळलेल्या माठासारखी होते. घाम निथळतो, वाळत नाही, शरीर आणखी घाम सोडतं. एका संध्याकाळी मामा पोटऱ्या धरून ओट्यावर बसले होते. गोळे आले होते.

"मॅडम, तीन बाटल्या पाणी पिलो की. तरी असं का?"

"आणि मीठ?"

"बीपी होईल म्हणून पोरीनं बंद केलंय."

घामात पाण्याबरोबर मीठही जातं. मामांनी पाणी भरलं, मीठ भरलं नाही. रक्तातलं सोडियम पातळ होत गेलं की स्नायूंचं काम अडखळतं, गोळे येण्याचं हे एक कारण आहे. खूपच पातळ झालं तर मेंदूला सूज येऊन झटके येतात. पाणी कमी पिणं वाईट, पण तासन् तास घाम गाळून नुसतंच पाणी ढोसणंही बरं नाही. ताक-मीठ, लिंबू-मीठ-साखर, वर भाकरी आणि शेंगाचटणी असं आपलं जे चालत आलंय ते शरीरशास्त्राला धरून आहे.

साखर कशाला, असं विचारतात. ती ताकदीसाठी नव्हे. लहान आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ते ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. ओआरएसच्या पुडीचं सगळं मर्म त्या दारात आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो लोकांना वाचवलं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त घालून 'कडक' करू नका. मामांसारख्या बीपीवाल्यांनी, तसंच मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, उन्हाळ्यातलं मिठाचं आणि पाण्याच्या गोळीचं (लघवी वाढवणाऱ्या औषधाचं) गणित डॉक्टरांना विचारून ठरवायचं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि मुलीच्या मनानं मीठही नाही.

"आम्हाला सवय आहे"

हे अर्धं खरं आहे. रोज थोडा वेळ उन्हात राबलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, आणि त्यात मीठ कमी असतं. पण ही सवय दर वर्षी नव्यानं करावी लागते. हिवाळ्यात ती उतरते. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या लाटेत सोलापूरकरही पुणेकराइतकाच कच्चा असतो, हे कुणाला आवडो न आवडो.

आणि साठी-सत्तरीनंतर सवयीवर भिस्त ठेवू नये. वयानं घाम कमी होतो, तहानेची जाणीव बोथट होते. आजी 'मला नको पाणी' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते, तिचा फ्लोट अडकलेला असतो. लहान मुलांचं उलट. त्यांच्या वजनाच्या मानानं त्वचा जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ती पटकन घेतात.

"ताप आलाय, गोळी दिली, उतरेना"

ही चूक जिवावर बेतू शकते. जंतूंमुळे येणाऱ्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आज ३७ नको, ३९ ठेवायचं. फ्रिजचा काटा कुणीतरी फिरवल्यासारखं. पॅरासिटामॉल तो काटा परत जागेवर आणतं. उष्माघातात काटा जागेवरच असतो, फ्रिजचं दार सताड उघडं राहिलेलं असतं. तिथे गोळीचा उपयोग नाही, उलट आधीच तापलेल्या यकृतावर भार पडतो.

ओळखायचं कसं? अंग भट्टीसारखं तापलेलं आणि *डोकं ठिकाणावर नाही.* बरळणं, ओळख न पटणं, तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं. बऱ्याचदा त्वचा कोरडी असते, पण राबताना उष्माघात झालेला माणूस घामानं डबडबलेलाही असू शकतो. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' असं समजू नका.

गार पाणी एकदम अंगावर टाकू नये असं घरोघर सांगतात. नुसत्या दमलेल्या माणसाच्या बाबतीत तो वाद घालत बसा. शुद्ध बिघडलेल्या माणसाच्या बाबतीत मिनिटं मोजायची असतात. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेजवळून जातात. आपला सोलापुरी टॉवेल भिजवून अंगावर घातला, पंखा लावला आणि टॉवेल सारखा ओला करत राहिलं की तो उसना घामच झाला. दुपारचा पंखा इथे कामाचा, कारण आता वाळायला पाणी आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालायचं नाही, ते श्वासनळीत उतरतं.

आणि गड्ड्याच्या वेळी?

तास संपता संपता त्याच मुलीनं शेवटचा प्रश्न टाकला. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांची वाट बघत थंडीत उभं असलं की सारखं लघवीला का लागतं? पाणी तर प्यायलेलं नसतं.

सगळं उलटं फिरवायचं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आखडतात, घाम बंद, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळले की अंगावर काटा येतो. मग मोठे स्नायू थरथरायला लागतात. काम शून्य, सगळी ऊर्जा उष्णतेत, म्हणजे शेगडी पेटवली. त्वचेतून परतलेलं रक्त पोटा-छातीत गोळा होतं. तिथल्या मोठ्या वाहिन्यांना वाटतं की पाणी फार झालं. मेंदूकडून येणारी 'पाणी सोडू नका' ही चिठ्ठी थांबते, आणि मूत्रपिंडं व्हॉल्व्ह उघडतात.

"म्हणजे खरं पाणी वाढलेलंच नसतं?"

नसतं. रक्तानं फक्त जागा बदललेली असते.

वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग हे मूत्रपिंडाच्या धड्यात का नाही?" मी म्हटलं, ते त्वचेच्या धड्यात आहे, जो तुम्ही आदल्या रात्री वाचता.